शहरात फुटबॉल स्टेडियमसाठी जागा कशी शोधतात? न्यूयॉर्कला बारा वर्षं का लागली?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्क सिटी एफसी हा क्लब २०१५ पासून बेसबॉलच्या मैदानावर खेळतोय. मालकांकडे पैशाची ददात नाही. तरी स्वतःच्या स्टेडियमला जागा मिळून मंजुरी यायला २०२४ उजाडलं, ते का? शहरात अशी जागा मुळात शोधतात कशी? आणि मुंबई-पुण्यात हे जमेल का?

माझं शिक्षण पुण्यात झालं, स्थापत्य अभियांत्रिकीचं. गेली पंचवीस वर्षं न्यू जर्सीत जागांच्या तपासणीचं काम करतो: रहदारी, माती, पाणी, परवाने. त्यात खेळाची मैदानं आणि सभागृहंही आली. न्यूयॉर्क सिटीच्या कामात मी कधी नव्हतो, पण धंदा तोच आणि नदीपलीकडचंच शहर, त्यामुळे हा सगळा प्रवास जवळून पाहिला. काही जनसुनावण्यांना मागच्या बाकावर बसून आलोय.

आधी मापं बघा, म्हणजे अडचण कळेल. फुटबॉलचं प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. मॅनहॅटनमधल्या दोन आडव्या रस्त्यांमधला ठोकळा साधारण २०० फूट, म्हणजे ६१ मीटर रुंद असतो. म्हणजे नुसतं गवतसुद्धा एका ठोकळ्यात मावत नाही, प्रेक्षक तर लांबच राहिले. बाजूची मोकळी पट्टी, पंचवीस हजार खुर्च्यांचे स्टँड, खालच्या खोल्या, गर्दी उभी राहायला बाहेर अंगण, असं सगळं धरलं की दहा ते तेरा एकर सलग जागा लागते. त्यासाठी दोन-तीन ठोकळे एकत्र करायचे, मधला रस्ता कायमचा बंद करायचा, त्याखालची पाण्याची, गॅसची, विजेची वाहिनी हलवायची. शिवाय मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण हवं, नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका गोलकीपरच्या थेट डोळ्यांत सूर्य. जागा मिळाली तरी हवी तशी फिरवून बसवता येईलच असं नाही.

हा क्लब मे २०१३ मध्ये जाहीर झाला. मालक दोन, इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबवाले आणि यांकीज हा न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ. म्हणून २०१५ पासून यांकी स्टेडियमवर खेळ सुरू झाला. तिथे मैदान बसवलंय ते ११० बाय ७० यार्डांचं, म्हणजे जेमतेम १०० बाय ६४ मीटर. नियमात बसतं, पण काठावर. एका कोपऱ्यात बेसबॉलची तांबडी माती असते, तिच्यावर गवताच्या लाद्या अंथरतात. टीव्हीवर तो भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि चेंडूही तिथे वेगळा उसळतो. बेसबॉलचं वेळापत्रक आलं की क्लबला दुसरीकडे जावं लागतं, कधी शहरातल्याच सिटी फील्ड या दुसऱ्या बेसबॉल स्टेडियमला, कधी तर प्रतिस्पर्ध्याच्या न्यू जर्सीतल्या हॅरिसनमधल्या मैदानावर. २०२१ मध्ये या क्लबने ‘मेजर लीग सॉकर’ या अमेरिकेतल्या मुख्य फुटबॉल लीगचं विजेतेपद मिळवलं, तेही स्वतःचं घर नसताना.

आता जागांकडे येऊ. पहिली पसंती होती शहराच्या क्वीन्स या विभागातलं फ्लशिंग मेडोज कोरोना पार्क. क्लब जाहीर व्हायच्या आधीच, २०१२ मध्ये, लीगने तिथल्या जुन्या कारंज्याच्या तळ्याची जागा मागितली होती. नकाशावर बघितलं तर कुणीही हीच जागा निवडेल. सलग जमीन, मालक एकच, शेजारी मेट्रो, पलीकडे बेसबॉलचं स्टेडियम आणि टेनिसचं संकुल. पण न्यूयॉर्कमध्ये बाग एकदा बाग झाली की महापौरालाही ती परस्पर कुणाला देता येत नाही. राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागतो, आणि गेलेल्या बागेच्या बदल्यात दुसरी बाग द्यावी अशी अपेक्षा असते. त्याहून मोठी गोष्ट माणसांची. कोरोना, जॅक्सन हाइट्स या भागांत इक्वाडोर, मेक्सिको, कोलंबियाहून आलेली कुटुंबं दाटीवाटीने राहतात आणि रविवारी याच बागेत फुटबॉल खेळतात. म्हणजे जे लोक तिकीट काढून सामन्याला येणार, त्यांचीच हिरवळ जाणार होती. विरोध झाला, आणि योग्यच झाला. २०१३ मध्ये तो विषय संपला.

माझ्या धंद्यातल्या तरुण मंडळींना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. नकाशावर हिरवा किंवा पांढरा ठिपका दिसला म्हणजे जागा मोकळी आहे असं समजू नका. आपल्याकडे जमीन घेताना सात-बारा बघतात, त्यातही ‘इतर हक्क’चा रकाना आधी वाचतात. शहरातल्या जागेला असे दहा रकाने असतात, आणि त्यातले निम्मे कुठल्याच कागदावर नसतात.

दुसरी जागा ब्राँक्स या विभागात, यांकी स्टेडियमच्या दक्षिणेला. तिथे लिफ्टचे भाग बनवणारा एक कारखाना आणि स्टेडियमची पार्किंग गॅरेजं होती. ही गॅरेजं नवं यांकी स्टेडियम २००९ मध्ये उघडलं त्या सुमारास बांधली, सुमारे २४ कोटी डॉलरचे करमुक्त रोखे काढून. अंदाज असा की लोक गाड्या घेऊन येतील. पण त्याच वर्षी स्टेडियमला लागून उपनगरी रेल्वेचं नवं स्टेशनही सुरू झालं, आणि मेट्रो तर आधीपासून दारात होती. गॅरेजं रिकामी राहिली, रोख्यांचे हप्ते थकले. मग फुटबॉल स्टेडियमसाठी एक गॅरेज पाडायचं म्हटलं की रोखेधारकांचं काय, यांकीजला कबूल केलेल्या पार्किंगचं काय, कारखान्याची किंमत कोण देणार, अशा गाठी पडत गेल्या. २०१३ च्या शेवटी, महापौर ब्लूमबर्ग यांचे अखेरचे आठवडे चालू असताना, करार होता होता राहिला. नंतर २०१८ पासून पुन्हा प्रयत्न झाला, तोही २०२१ मध्ये थंडावला. यांकीज स्वतः क्लबचे भागीदार असूनही पार्किंगचा गुंता सुटला नाही, यावरून त्याची घट्ट गाठ लक्षात येईल.

मध्ये बेलमाँट पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारच्या जागेसाठी बोली लावून झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ती जागा आइस हॉकीच्या आयलँडर्सना गेली.

शेवटी घोडं गंगेत न्हालं ते विलेट्स पॉइंटला. हे ठिकाण पहिल्या नाकारलेल्या बागेच्या अगदी शेजारी, सिटी फील्डच्या समोर. इथे शंभर वर्षांपूर्वी ब्रुकलिनच्या कोळशाच्या राखेचे डोंगर टाकले जात. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी राख हटवून बाग केली, पण हा तिकोनी तुकडा मागे राहिला आणि पुढे तिथे गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती झाली. दोनशेहून अधिक गॅरेजं, टायरवाले, काचवाले, भंगारवाले. मी २००० नंतर काही वेळा माझी गाडी घेऊन तिथे गेलोय. रस्त्याला गटार नव्हतं, फुटपाथ नव्हता. पाऊस पडला की गुडघाभर खड्ड्यांत तेलाचा तवंग तरंगायचा आणि पोरं गाडीपुढे धावत यायची, काय हवंय विचारत. आरसा, बंपर, सायलेन्सर, जे म्हणाल ते दहा मिनिटांत बसवून मिळायचं. शहराने तिथे पिढ्यान् पिढ्या सांडपाण्याची वाहिनी टाकली नाही आणि नंतर तीच जागा गलिच्छ म्हणून रिकामी करायला घेतली. याची मला आजही चीड येते.

२००८ मध्ये शहराने या भागाचा पुनर्विकास आराखडा मंजूर केला. मग गॅरेजवाल्यांना हलवायला सुरुवात झाली. काही डझन जणांनी सहकारी संस्था करून ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या एका गोदामात एकत्र जायचं ठरवलं. ते काम रखडत गेलं आणि अखेर बहुतेकांचा धंदा मोडला. पुनर्विकासाचा खर्च निघावा म्हणून सिटी फील्डच्या पार्किंगवर मोठा मॉल बांधायचा बेत होता. तिथे वेगळीच माशी शिंकली. ते पार्किंग म्हणजे नुसतं डांबर, पण कागदोपत्री ती बागेचीच जमीन. जून २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९६१ च्या कायद्याने इथे स्टेडियमला परवानगी दिली होती, मॉलला नाही. अर्धशतक गाड्या उभ्या राहिल्या तरी कायद्याच्या नजरेत ती बागच. मॉल गेला, आणि मॉलच्या पैशावर उभा असलेला जुना हिशेबही गेला.

म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये महापौर अ‍ॅडम्स यांनी जाहीर केलेली योजना वेगळ्या वळणाची होती. २५ हजार आसनांचं स्टेडियम, सोबत अडीच हजार परवडणारी घरं, ६५० मुलांची शाळा, २५० खोल्यांचं हॉटेल. स्टेडियमचा सुमारे ७८ कोटी डॉलरचा खर्च क्लबचा, जमीन शहराच्याच मालकीची राहून ४९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. रस्ते आणि वाहिन्या शहर करणार. क्लबला एकट्याने गेली दहा वर्षं जे मिळत नव्हतं, ते घरांच्या सोबतीने मिळालं. त्यानंतरची मंजुरीची वाट ठरलेली असते. तिला इथे ‘यूलर्प’ म्हणतात: स्थानिक मंडळाला ६० दिवस, बरोच्या, म्हणजे शहराच्या त्या विभागाच्या, अध्यक्षांना ३०, नियोजन आयोगाला ६०, नगर परिषदेला ५०. एप्रिल २०२४ मध्ये परिषदेत ४७ विरुद्ध १ मतांनी ठराव झाला, डिसेंबरमध्ये काम सुरू झालं, आणि २०२७ मध्ये पहिला सामना व्हायचा आहे.

क्लब ‘सगळा पैसा आमचा’ म्हणतो, ते बांधकामापुरतं खरं आहे. जमीन शहराची असल्याने मालमत्ता कर लागत नाही. शहराच्याच स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला, की ४९ वर्षांत न मिळणाऱ्या या कराची आजची किंमत सुमारे ५१.६ कोटी डॉलर होते. घरं आणि शाळा येतायत म्हणून मला हा सौदा एकंदरीत मान्य आहे. पण तो फुकट पडलेला नाही, आणि हे आकडे लोकांपुढे मतदानाच्या आधी आले, हे फार बरं झालं.

हा झाला इतिहास. आता जागा तपासायला घेतली की आम्ही काय बघतो, ते सांगतो. लोक पहिला प्रश्न विचारतात की प्रेक्षक येणार कसे. मी उलटा विचारतो, जाणार कसे. येताना माणसं दोन तास पसरून येतात. जाताना शिट्टी वाजली की सगळी एकदम उठतात. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका आहे, ‘ग्रीन गाइड’ म्हणतात, आम्हीही तिचा आधार घेतो. तिच्यानुसार स्टँड जास्तीत जास्त आठ मिनिटांत रिकामा व्हावा, आणि सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८२ माणसं जातात. पंचवीस हजारांना आठने भागा, मिनिटाला ३,१२५ माणसं. त्याला ८२ ने भागा, अडतीस मीटर. म्हणजे सगळ्या दरवाजांची मिळून किमान अडतीस मीटर स्वच्छ रुंदी हवी, आणि दरवाजाबाहेर ती माणसं सामावतील एवढं अंगण. आता तुमच्या ओळखीच्या एखाद्या स्टेशनबाहेरचा फुटपाथ डोळ्यांसमोर आणा. तीन मीटरचाही नसेल.

पुढचं गणित गाडीचं. विलेट्स पॉइंटला सातव्या मार्गाची मेट्रो आहे, अकरा डब्यांची. आकडे मी अंदाजाने घेतोय, फक्त रीत दाखवण्यासाठी. समजा बारा हजार माणसं मेट्रोने जाणार. गाडी फ्लशिंगहून आधीच थोडी भरून येते, तर प्रत्येक गाडीत नवी सहाशे माणसं शिरतील. चार मिनिटांना एक गाडी असेल तर तासाला पंधरा, म्हणजे नऊ हजार. शेवटचा माणूस ऐंशी मिनिटांनी निघेल. तीन मिनिटांना एक केली तर तासाला वीस गाड्या, बारा हजार, आणि तासाभरात फलाट मोकळा. एका मिनिटाच्या फरकाने वीस मिनिटं वाचली. आता त्याच संध्याकाळी समोर चाळीस हजारांचा बेसबॉल सामना सुटला, किंवा ऑगस्टअखेर टेनिसची यूएस ओपन चालू असली, तर? म्हणून अशा जागेचं वेळापत्रक शेजाऱ्यांशी आधी लेखी ठरवून घ्यावं लागतं. मी तर म्हणेन, तो करार जमिनीच्या कराराइतकाच महत्त्वाचा.

हे मी चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान स्टेडियमच्या जागेला मी चांगले गुण दिले होते. स्टेशन चारशे मीटरवर, जमीन स्वस्त. पण मध्ये मालगाडीचे रूळ होते आणि ओलांडायला एकच अरुंद पूल. नवा पूल बांधू, असं मी अहवालात एका ओळीत लिहून टाकलं. रूळ ज्यांचे त्यांनी दोन वर्षं पत्रांना उत्तरच दिलं नाही आणि प्रकल्प तिथेच संपला. तेव्हापासून नकाशावर वर्तुळ काढणं मी सोडलं. बूट घालून दरवाजा असेल तिथून फलाटापर्यंत स्वतः चालतो, एकदा दिवसा, एकदा रात्री, एकदा पावसात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हॅरिसनचं स्टेडियम ठाऊक असेल, जर्सी सिटीहून ‘पाथ’ रेल्वेने काही मिनिटांवर. तेही जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर मार्च २०१० मध्ये उघडलं, पंचवीस हजारांचंच. सामना सुटल्यावर तिथल्या स्टेशनकडे जाऊन बघा. पोलीस गर्दीला टप्प्याटप्प्याने सोडतात, फलाट भरला की रांग थांबवतात. मी कितीदा तरी तिथे घड्याळ लावून उभा राहिलोय.

माती हा दुसरा विषय, आणि त्यात पैसा अक्षरशः जमिनीत जातो. शहरात शिल्लक राहिलेली जमीन बहुतेक वेळा कुणीतरी खराब करून सोडलेली असते. एकदा पाणथळीच्या काठच्या जागेवर चाचणीचा खड्डा खणत होतो. वर फूटभर खडी, मग विटांचा राडारोडा, मग काळी ओली राख, आणि चार-साडेचार फुटांवर डिझेलचा वास. जेसीबीचा पंजा वर आला तेव्हा त्यात एक अख्खी काचेची बाटली होती आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपून इंद्रधनुष्यासारखा तवंग फिरत होता. अशी माती उचलून दूरच्या परवानाधारक भरावक्षेत्रात टाकायची, तिचे ट्रक मोजायचे, खाली खांब ठोकायचे. स्वस्त जमिनीची किंमत तिथे वसूल होते. म्हणून कुठल्याही करारावर सही करण्यापूर्वी किमान डझनभर ठिकाणी खणून बघा, असा माझा हट्ट असतो. मालक खणू देत नसेल तर त्यातच उत्तर मिळालं.

आणि मग वर्षातले बाकीचे दिवस. या लीगमध्ये घरचे सामने सतरा. चषकाचे, मैत्रीचे, मैफलींचे धरले तरी तीनशेच्या वर दिवस ही वास्तू बंद असते. शहराच्या मधोमध दहा एकर बंद दार हे शेजाऱ्यांना जाचक होतं. यावर सोपा उपाय म्हणून काही क्लब उपनगरात गेले. शिकागो फायरने २००६ मध्ये ब्रिजव्ह्यू या उपनगरात स्टेडियम घेतलं. तिथवर शहराची मेट्रो जात नाही. प्रेक्षक आटत गेले, आणि २०१९ मध्ये क्लबने करारातून सुटण्यासाठी त्या गावाला साडेसहा कोटी डॉलर मोजले आणि शहरात परतला. आता शहराच्या मध्याजवळ रेल्वेच्या जुन्या यार्डावर स्वतःच्या पैशाने नवं बांधायचं ठरवलंय. लांबची स्वस्त जमीन शेवटी दुप्पट महाग पडली.

राहिला मुंबई-पुण्याचा प्रश्न. योगायोग बघा, न्यूयॉर्क सिटीच्याच मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसी घेतली होती, आणि तिचंही स्वतःचं मैदान नव्हतं. महापालिकेच्या अंधेरी क्रीडा संकुलात काही हजार प्रेक्षकांपुढे ती खेळत आली. मला विचाराल तर मुंबईत नवी जागा शोधण्याआधी तिथेच जा. आझाद नगर मेट्रो स्टेशन जवळ आहे, जमीन आधीच खेळासाठी आहे, कुणाला उठवावं लागत नाही. अडचण आहे ती स्टँडच्या क्षमतेची, जे. पी. रोडवरच्या फुटपाथच्या रुंदीची आणि फलाटावरच्या गर्दीची, आणि या तिन्ही गोष्टी मोजता येतात. पुण्यात बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं तेव्हा गावाबाहेर होतं, आज शहर तिच्या पलीकडे गेलंय. तिथेही नवी जमीन मागण्याआधी मी एखाद्या सामन्याच्या रात्री दरवाजाशी उभा राहून बघेन की शेवटचा माणूस घरी जायच्या वाहनात किती मिनिटांनी बसतो. विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण असलेल्या इतर जागांची यादी पालिकेकडे मिळेल. ती मागवा, आणि प्रत्येक जागेवर आज रोज कोण खेळतंय, कोण राहतंय, कोण धंदा करतंय, हे आधी जाऊन लिहून काढा.